माहलरचा आदाजिएतो ऐकताना गळा का दाटतो? सिम्फनीच्या संथ भागातल्या हार्मनीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रागसंगीतावर कान तयार झालेल्या, पण सिम्फनीकडे नव्याने वळलेल्या श्रोत्यांसाठी हे पान आहे. उदाहरण मुख्यतः एकच घेतलं आहे: ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताफ माहलरच्या पाचव्या सिम्फनीतला चौथा भाग, म्हणजेच आदाजिएतो. घरात पेटी असेल तर ती उघडून ठेवा, दोन ठिकाणी लागेल.

हार्मनी म्हणजे नेमकं काय? अनेक सूर एकत्र वाजले की झाली का हार्मनी?

तेवढ्याने होत नाही. तंबोऱ्याच्या चार तारा एकत्रच घुमतात, पण त्या जागच्या हलत नाहीत. हार्मनीत एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, म्हणजे कॉर्ड, एकामागून एक बदलत जातात आणि प्रत्येक गटाचं मागच्या-पुढच्या गटाशी काहीतरी देणंघेणं असतं.

आपल्या कानाला इथेच सगळ्यात मोठी सवय मोडावी लागते. रागात सा एकदा ठरला की मैफल उठेपर्यंत ठरला. कोमल गंधार लागला तो त्याच सा-च्या हिशेबाने, तीव्र मध्यम लागला तोही त्याच्याच हिशेबाने. सिम्फनीत वर व्हायोलिनने एकच सूर धरून ठेवलेला असतो आणि खाली चेलो, डबल बास सरकतात. वरचा सूर केसभरही हललेला नसतो, पण मघाशी जो गंधार होता तो आता पंचम झालेला असतो. सूर तोच, त्याच्याखालची जमीन बदलली. रोमँटिक, म्हणजे मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या, सिम्फनीच्या संथ भागात जे काही काळजाला लागतं, त्याचा मोठा हिस्सा यातूनच येतो.

उदाहरणाला आदाजिएतोच का?

कारण त्यात लपायला जागा नाही. माहलरच्या या सिम्फनीत एरवी सहा हॉर्न, चार ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा असा सगळा लवाजमा आहे. सुरुवातच ट्रम्पेटच्या शोकयात्रेने होते. चौथ्या भागात मात्र हे सगळे गप्प बसतात. उरतात फक्त तंतुवाद्यं आणि एक हार्प. वाद्यांच्या रंगांची चैन नाही, ढोल-झांजांचा धक्का नाही. जे होतं ते सुरांच्या नात्यांतून होतं आणि त्यामुळे ते पकडायलाही सोपं जातं.

शिवाय भाग छोटा आहे, एकूण १०३ बार. (बार म्हणजे तालाचा एक खंड, इथे चार मात्रांचा.) माहलरने ही सिम्फनी १९०१ आणि १९०२ च्या उन्हाळ्यांत, ऑस्ट्रियातल्या व्योर्थर तलावाकाठी मायरनिगला लिहिली. एरवी तो व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा संचालक, त्यामुळे लिहायला मिळायची ती उन्हाळ्याची सुट्टीच. पहिला प्रयोग १८ ऑक्टोबर १९०४ रोजी कलोन शहरात झाला, वाद्यवृंदाचं संचालनही त्यानेच केलं.

सुरुवातीला इतकं अधांतरी का वाटतं?

कारण सा दिलेलाच नाही.

भाग एफ मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी चार हा सा. (मेजर म्हणजे शुद्ध गंधाराचं सप्तक, मायनर म्हणजे कोमल गंधाराचं.) पण पहिले दोन बार एफ वाजतच नाही. तंतुवाद्यांवर आणि हार्पवर फक्त दोन सूर तरंगत असतात: ए आणि सी, म्हणजे पांढरी सहा आणि पांढरी एक. एफला सा मानलं तर हे झाले ग आणि प. पण सा माहीतच नसलेला कान दुसराही हिशेब करू शकतो: ए हाच सा, आणि सी त्याचा कोमल गंधार. पहिल्या हिशेबात सगळं उजळ आहे, दुसऱ्यात सावली. दोनच सुरांत माहलरने दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या आहेत आणि हार्प शांतपणे तेच दोन सूर घोळवत राहते.

आपल्याला याची सर्वात जवळची ओळख मारव्यात आहे. गायक सा टाळत कोमल रिषभ आणि धैवताभोवती फिरत राहतो आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. फरक एवढाच, की मारव्यात तंबोऱ्यावर सा वाजतच असतो, घर कुठे आहे हे ठाऊक असतं, फक्त तिथे जायला मिळत नाही. माहलरच्या या दोन बारांत घराचा पत्ताच अजून सांगितलेला नाही.

आणि मग ती पहिली ओळ… तिच्यात असं काय आहे?

पहिल्या व्हायोलिनची सुरुवात आहे सी, डी, ई. एफला सा धरा: मंद्रातला प, ध, नी. इतकंच. शिकाऊ मुलाच्या अलंकारातही हे सूर येतात.

आता पेटीवर करून पाहा. उजव्या हाताने पांढरी एक, दोन, तीन असे सावकाश चढा आणि तीनवर, म्हणजे नी-वर, थांबा. त्याच क्षणी डाव्या हाताने खर्जातली पांढरी चार दाबा. भाता थांबू देऊ नका. खाली सा येऊन बसला आहे, वर नी अजून नी-च आहे. दोघांत दाट ओढ जाणवते. नी-ला पुढे सरकावंसं वाटतं, किंवा खरं सांगायचं तर आपल्याला वाटतं की त्याने सरकावं. थोडं आणखी थांबा. मग पांढरी चार. सुटलो.

तिसऱ्या बारच्या सुरुवातीला नेमकं हेच होतं. दोन बार ज्याची वाट पाहिली तो एफ अखेर बासमध्ये, म्हणजे सर्वात खालच्या आवाजात, येतो, सा मिळतो, प्रश्न सुटतो; आणि नेमक्या त्याच घडीला वरची ओळ मागे राहते. आधार पोचला, आवाज पोचला नाही. हवं ते मिळाल्याचा आनंद आणि अजून न मिळाल्याची हुरहूर एकाच ठोक्यावर. मला विचाराल तर सगळा आदाजिएतो या एका बारात आहे, उरलेले शंभर बार त्याचाच विस्तार आहे.

कॉर्डबाहेरचा सूर ठोक्यावर ठेवायचा आणि मग त्याला शेजारच्या, कॉर्डमधल्या सुरावर उतरवायचं, या युक्तीला पाश्चात्त्य संगीतात आपोजियातुरा म्हणतात. मागच्या कॉर्डमधला सूर तसाच धरून ठेवला आणि त्याच्याखाली कॉर्ड बदलली तर ते सस्पेन्शन. ऐकणाऱ्याला दोन्हींचा परिणाम सारखाच: उशीर.

म्हणजे भावना बेसुरेपणातून येते असं म्हणायचं का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. बेसूर म्हणजे सूर आपल्या जागेवर न लागणं. इथे नी अगदी जागेवर लागलेला असतो. वादक कसलेला असेल तर तो किंचित चढा, सा-कडे झुकलेला लावतो. तो बेसूर नाही, विसंवादी आहे, म्हणजे त्या क्षणी वाजणाऱ्या कॉर्डमध्ये बसत नाही. हा विसंवाद रचलेला आहे, आणि तो कुठे मिटणार हेही ठरलेलं आहे.

शिवाय इथला विसंवाद कर्कश नाही. नी आणि सा शेजारी शेजारी, एकाच सप्तकात वाजवले तर ते एकमेकांवर घासतात. माहलरने सा खाली बासला दिला आहे आणि नी बराच वर व्हायोलिनला. मधल्या अंतरामुळे घासणं विरघळतं आणि ओढ तेवढी राहते.

हे सगळं तांत्रिक झालं. त्याने डोळ्यांत पाणी का यावं?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये श्रोत्यांना विचारलं होतं, की संगीताच्या नेमक्या कोणत्या जागी तुम्हाला रडू येतं, कुठे काटा येतो. मग त्या जागा त्यांनी स्वरलिपीत तपासल्या. रडू येणाऱ्या जागांत आपोजियातुरा वारंवार सापडले; अंगावर काटा येणाऱ्या जागांत अनपेक्षित वळण घेणारी हार्मनी सापडली. यावरून भावनेचं यंत्र सापडलं असं म्हणणं उतावळेपणाचं होईल, पण रोमँटिक संगीतकारांचा अंदाज बरोबर होता एवढं म्हणायला हरकत नाही.

कान सतत पुढचं गृहीत धरत असतो. नी वाजला की त्याने सा मनातल्या मनात आधीच म्हटलेला असतो. संगीतकार तो सा देतो, पण थोडा उशिरा, किंवा देता देता खालची कॉर्डच बदलून टाकतो. इथे लयीचं महत्त्व कळतं. द्रुत लयीत हाच नी-सा चिमटीत न सापडता निघून जातो. संथ लयीत तो काही सेकंद अंगावर असतो आणि त्या सेकंदांत ऐकणाऱ्याचा श्वास कुठे अडकला आहे हे त्याचं त्यालाच समजतं. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या श्रोत्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख, असंच ना?

शाळेत शिकवायला बरं आहे. आदाजिएतो मेजरमध्ये आहे आणि लोक तो अंत्ययात्रेला वाजवतात. यावरून काय ते समजा. मेजर-मायनर हा रंग झाला. मन हलतं ते हालचालीने: कुठला सूर कुठे अडला, बास कुठे सरकला, घर किती लांब गेलं.

मधल्या भागात एकदम काहीतरी हरवल्यासारखं होतं. तिथे काय चाललंय?

तीन गोष्टी एकदम होतात. हार्प थांबते, म्हणजे सुरुवातीपासून पायाखाली असलेला तो हलका हेलकावा निघून जातो. लय थोडी पुढे रेटली जाते. आणि सा जागा सोडतो.

आधी तो एफवरून एक श्रुतीच म्हणावी इतक्या जवळ, जी फ्लॅटवर जातो. पेटीवर पांढरी चारच्या लगतची काळी तीन. पट्ट्या शेजारी आहेत, पण हार्मनीच्या जगात ही दोन गावं फार लांब आहेत. एफ मेजरच्या सात सुरांपैकी फक्त दोन सूर जी फ्लॅट मेजरमध्ये जसेच्या तसे सापडतात. बाकी सगळी माणसं नवी. म्हणून तिथे पोचल्यावर उजळ तर वाटतं, पण ओळखीचं वाटत नाही. मग सा पुन्हा सरकतो, ईवर, पुढे डीवर. प्रत्येक वेळी वाटतं की आता स्थिरावेल.

याच भागात जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’ या ऑपेरातल्या, दोघांच्या नजरानजरेशी जोडलेल्या सुरावटीची सावली अनेक अभ्यासकांना ऐकू येते. ती मुद्दाम ठेवलेली असावी. तो ऑपेरा १८६५ मध्ये म्युनिकला पहिल्यांदा झाला आणि त्यात प्रेमिकांची अतृप्ती दाखवायला वाग्नरने सुरुवातीची कॉर्ड सोडवायचीच टाळली. ती खऱ्या अर्थाने सुटते ती तिसऱ्या अंकाच्या शेवटी. सूर अडवून ठेवण्याची कला शेकडो वर्षं जुनी होती. ती किती ताणता येते हे वाग्नरने दाखवलं आणि नंतरच्या सगळ्या पिढीने त्यावर आपापला प्रपंच मांडला, माहलरनेही.

परत येणं कसं होतं तेही ऐका. व्हायोलिनं उंचावरून घसरत, मींडेसारखी खाली येतात, हार्प पुन्हा सुरू होते आणि तीच जुनी ओळ परतते. ती बदललेली नसते, पण आपण मधल्या काळात इतके लांब जाऊन आलेलो असतो की नी-सा ची ती जागा पहिल्यापेक्षा जड लागते.

आदाजिएतो प्रेमाचा आहे की मृत्यूचा?

वादाचा विषय आहे, पण माझ्या मते फारसा वाद नसावा.

डच वाद्यवृंद-संचालक विलेम मेंगेलबर्ग माहलरचा जवळचा सहकारी होता. त्याने आपल्या स्वरलिपीच्या प्रतीवर लिहून ठेवलं आहे, की हा भाग म्हणजे माहलरने आल्माला, आपल्या होणाऱ्या बायकोला, दिलेली प्रेमाची कबुली; पत्राऐवजी त्याने ही रचनाच पाठवली आणि ती समजली. माहलर आणि आल्माची भेट नोव्हेंबर १९०१ मधली, लग्न ९ मार्च १९०२ चं, काळ जुळतो. आल्माने स्वतः ही गोष्ट कुठे सांगितलेली नाही, म्हणून काही अभ्यासक साशंक आहेत. तेही योग्यच.

मृत्यूशी नातं नंतर जडलं. ८ जून १९६८ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये अमेरिकन राजकारणी रॉबर्ट केनेडी यांच्या अंत्यविधीत वाद्यवृंद-संचालक लेनर्ड बर्नस्टाइनने हा भाग वाजवला. १९७१ मध्ये लुकीनो व्हिस्कोंतीने ‘डेथ इन व्हेनिस’ या चित्रपटात तो वापरला, आणि तेव्हापासून जगाच्या मनात आदाजिएतो आणि मरण यांची गाठ पक्की बसली.

हार्मनी काय म्हणते? तिच्यात निरोप नाही, ओढ आहे. निरोपाच्या संगीतात सूर सोडून दिले जातात. इथे ते धरून ठेवले आहेत आणि शेवटी पोचवलेही आहेत. लय अति संथ केली तर ही ओढ दुःखासारखी ऐकू येते, हे मात्र खरं.

मग योग्य लय कोणती?

मेंगेलबर्गने १९२६ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण सुमारे सात मिनिटांचं आहे. माहलरचा शिष्य आणि सहायक ब्रूनो वाल्टरचं १९३८ चं सुमारे आठ मिनिटांचं. माहलर स्वतः किती वेळात वाजवायचा याच्या ज्या नोंदी आहेत त्याही याच आसपासच्या. नंतरच्या काळात हाच भाग बारा, अगदी चौदा मिनिटांपर्यंत ताणला गेला.

हिशेब करून पाहा. सात मिनिटांत १०३ बार म्हणजे एका बारला सरासरी चार सेकंद. चौदा मिनिटांत आठ. चार सेकंदांच्या बारमध्ये नी सा-कडे झुकतो आणि वाक्य पुढे जातं, गाणारा माणूस एका श्वासात घेईल असं. आठ सेकंदांत श्वास संपतो, वाक्य तुटतं, आणि एकेक कॉर्ड स्वतंत्र उभी राहते. ते सुंदर वाटू शकतं, नाही असं नाही. पण माहलरने स्वरलिपीत ‘अतिशय संथ’ लिहिलं ते गाण्याच्या हिशेबाने लिहिलं असावं, असं मला वाटतं. नवख्या श्रोत्याने आधी वाल्टर ऐकावा.

हार्प नेमकं काय करते? ती नुसती शोभेची आहे का?

काढून पाहा म्हणजे कळेल. मधल्या भागात माहलरनेच ती काढून दाखवली आहे. तंतुवाद्यांचा सूर गजाने ओढलेला, वाढणारा, विरणारा. हार्पचा सूर छेडल्याक्षणापासून विझत जाणारा. व्हायोलिनचा लांबलेला नी आणि त्याच्याखाली हार्पचे तुटक, विझणारे सूर, या दोघांमुळे ‘धरून ठेवणं’ कानाला स्पष्ट कळतं. सगळंच लांबलेलं असतं तर लांबल्याचं कळलंच नसतं.

शेवट इतका थकवणारा का?

शेवटच्या पानावर बास पंचमावर, म्हणजे सीवर, येऊन रुततो. आता सा-शिवाय दुसरा रस्ता नाही हे सगळ्यांना माहीत असतं. वरच्या ओळी मात्र पूर्ण ताकदीने उंच जाऊन लांबत राहतात. मग बास सा-वर उतरतो तरी वरचे सगळे सूर लगेच उतरत नाहीत; रेंगाळतात, उशिरा उतरतात आणि विरत जातात. सुरुवातीचीच युक्ती, पण या वेळी सगळ्या तंतुवाद्यांच्या वजनाने. थकवा येतो तो खरा, पण तो काम पुरं झाल्याचा.

सूर तोच आणि जमीन बदलते, याचं दुसरं सोपं उदाहरण आहे का?

आहे, आणि पेटीवर आदाजिएतोपेक्षाही छान करता येतं. आंतोनिन द्वोर्झाकची नववी सिम्फनी, ‘नव्या जगातून’. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १८९३, न्यूयॉर्क, कार्नेगी हॉल. तिचा पहिला भाग ई मायनरमध्ये संपतो. दुसरा संथ भाग, लार्गो, डी फ्लॅट मेजरमध्ये आहे. पांढरी तीनवरून काळी एकवर जायचं आहे, आणि हा प्रवास द्वोर्झाक सात कॉर्डमध्ये करतो.

सातही कॉर्ड इथे मांडत नाही. पहिली आणि शेवटची पुरेशी आहे. काळी चार दाबून धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. तिच्या जोडीला पांढरी तीन आणि पांढरी सात दाबा: ही ई मेजर. इथे काळी चार गंधार आहे. आता ती दोन बोटं उचला आणि त्याऐवजी काळी एक आणि पांढरी चार दाबा: ही डी फ्लॅट मेजर. काळी चार हललेली नाही, पण आता ती पंचम आहे. खोली तीच, खिडकी दुसऱ्या बाजूची उघडली. हा बदल कानाला पहिल्यांदा नीट कळला की पुढे प्रत्येक संथ भागात तो आपोआप सापडत जातो.

त्यानंतर इंग्लिश हॉर्न (नाव हॉर्नचं, पण हे ओबोच्या जातीचं लाकडी फुंकवाद्य) ती प्रसिद्ध धून सुरू करतो: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. हो, सूर भूपाचे आहेत. पहिल्या ओळीपुरते तरी. पुढे निषाद येतो आणि भूप सुटतो. राग म्हणून त्याचा भूपाशी काही संबंध नाही, पण आपला कान तिथे लगेच रमतो यात नवल नाही. मजा अशी, की त्या धुनेला जी खोली आहे ती बरीचशी आधीच्या सात कॉर्डनी दिलेली आहे. सरळ धुनेपासून ऐकायला सुरुवात केलीत तर ती नुसती गोड लागेल. जाता जाता: या अख्ख्या सिम्फनीत ट्यूबा वाजवणाऱ्याला या कॉर्ड सोडल्या तर जवळजवळ काहीच काम नाही. बाकी वेळ तो ऐकत बसतो.

ब्रुकनरच्या सातव्या सिम्फनीतल्या झांजेचा वाद काय आहे?

आंतोन ब्रुकनर या सिम्फनीचा संथ भाग लिहीत असताना वाग्नरचा मृत्यू झाला, १३ फेब्रुवारी १८८३. भाग सी शार्प (काळी एक) मायनरमध्ये आहे आणि सुरुवातीलाच वाग्नरने बनवून घेतलेले खास ट्यूबा वाजतात. पायरीपायरीने सा वर सरकवत, दर वळणावर ‘आता पोचलो’ असं वाटायला लावत ब्रुकनर शेवटी सी मेजरच्या लखलखीत शिखरावर नेतो. मूळ घरापासून जेमतेम अर्धा सूर खाली, पण हार्मनीच्या हिशेबाने परदेश. त्या शिखरावर झांज वाजते. ती हस्तलिखितात नंतर जोडलेल्या चिठोऱ्यावर आहे आणि त्यावर कुणीतरी ‘ग्राह्य नाही’ अशा अर्थाचे शब्द लिहिले आहेत. म्हणून एका संपादित आवृत्तीत झांज नाही, दुसऱ्या आवृत्तीत आहे. वाद रंगतदार आहे, पण कॉर्डनी जे करायचं ते झांजेआधीच केलेलं असतं. ऐकताना झांजेची वाट पाहू नका. त्याच्या आधीची दोन मिनिटं ऐका.

आपल्या कानाला हे सगळं परकंच नाही का?

वाटतं तितकं नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली गेली. तिथून मुंबईत आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीतात हार्मनी आणली. ॲन्थनी गोन्साल्विस आणि सेबास्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. गायिका एक सूर धरून उभी आहे आणि मागे व्हायोलिनांचा ताफा खाली उतरत त्या सुराचा अर्थ बदलतो आहे, हे आपण रेडिओवर लहानपणापासून ऐकलं आहे. फक्त आपलं लक्ष गायिकेकडे होतं.

स्वरलिपी वाचता येत नाही. ऐकायचं कसं?

पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा व्हायोलिन पूर्ण सोडून द्या आणि फक्त सर्वात खालचा आवाज धरा. हेडफोन लागतील, मोबाइलच्या स्पीकरवर डबल बास पोचतच नाही. बास कधी हलतो, कधी हटून बसतो, एवढंच पाहा. तिसऱ्यांदा दोन्ही ऐका: वरचा सूर लांबला की खाली पाहायचं, खाली हालचाल झाली की वर पाहायचं. आदाजिएतो लहान असल्यामुळे एका संध्याकाळी तिन्ही वेळा होतो.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याच्या हंगामाचे कार्यक्रम आधी जाहीर होतात. डबल बास पोटात जाणवतो तो सभागृहातच.

आदाजिएतो संपल्यावर टाळ्या वाजवायच्या का?

संपूर्ण सिम्फनी चालू असेल तर नाही, आणि तशी संधीही मिळत नाही. शेवटचा एफ विरतो न विरतो तोच हॉर्नवर एक एकटा ए वाजतो आणि पाचवा भाग सुरू होतो. हा ए नुकत्याच संपलेल्या एफ मेजरच्या कॉर्डमधला गंधार आहे. काही क्षणांतच कळतं की आता सा डी आहे, आणि तोच ए पंचम झाला आहे. पुढे तर माहलर आदाजिएतोच्या मधल्या भागातली ती व्याकूळ सुरावट उचलतो आणि तिला चक्क नाचायला लावतो, एकदा नव्हे, अनेकदा. आदाजिएतो सुटा ऐकणाऱ्यांना हा विनोद कधी कळत नाही. टाळ्या त्यानंतर.